चौदा माणसांचं सामान

एकाच आठवड्यात तुळसाबाईनं तिसऱ्यांदा तुरीची डाळ आणली, तेव्हा गोपाळरावांना पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

"डाळ तं सोमवारीच आनली होती वं," ते म्हणाले.

"संपली," ती म्हणाली. "एवढ्या माणसाइले किती दिवस पुरते?"

घरात माणसं दोनच होती, नवरा आणि बायको. गोपाळराव जातीनं कोष्टी. एके काळी नागपुरातल्या त्यांच्या त्याच घरात चार माग चालायचे. भाऊ, भावजया, पोरं आणि मागावरचे कामकरी मिळून चौदा ताटं दोन्ही वेळा वाढली जायची. त्या सगळ्यांचा किराणा वीस-बावीस वर्षं तुळसाबाईनं पाहिला होता. पुढं माग विकले, भाऊ वेगळे झाले, मुलगा कृष्णकांत कोराडीच्या वीज केंद्रात लागला आणि बायकोपोरांसह तिकडच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला. त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती.

डाळीनंतर गहू येऊ लागले, मग जवसाचं तेल, मग खडेमीठ. डबे भरले, पातेली भरली, खाटेखाली पिशव्या जमल्या. डाळीत सोंडे झाले. गोपाळराव अंगणात सूप घेऊन डाळ पाखडत बसले, की त्यांच्या समोरूनच ती रिकामी पिशवी घेऊन बाहेर पडायची. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि वय झालं, एवढंच सांगितलं.

शेवटी ते मनोहररावांच्या किराणा दुकानात गेले.

"तिले सामान देऊ नका," ते म्हणाले.

मनोहररावांनी तराजू खाली ठेवला. "काकूले मी आजपर्यंत कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही, भाऊ."

"मले माहीत हाय. तरी देऊ नका."

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई घरी परतलीच नाही. बारा वाजता गोपाळराव शोधायला निघाले, तर ती दुकानाच्या पायरीवर एका कडेला बसली होती. मनोहररावांनी तिला डाळ संपली म्हणून सांगितलं होतं, साखर संपली, मीठही संपलं. मिठाचं पोतं तिच्या डोळ्यांसमोर उघडं होतं. ती भांडली नव्हती. बायका येऊन मीठ नेत होत्या आणि ती बघत होती.

वाटेत तिनं विचारलं, "आपलं काही चुकलं का? मीठसुद्धा देऊन नाही राहिले."

गोपाळरावांनी तिच्या हातातली रिकामी पिशवी स्वतःकडे घेतली.

घरी आल्यावर ती स्टोव्हजवळ उभी राहून रडू लागली. "पोरं शाळेतून येतीन. त्याइच्या ताटात काय वाढू?"

त्यांनी फळीवरचे डबे एकेक करून खाली काढले आणि झाकणं उघडली. "हे पाह्य. गहू. हे तांदूळ. ही डाळ. सारं भरलं हाय."

तिनं वाकून पाहिलं. डाळीत बोटं घातली. मग स्वतःच झाकण दाबून बसवलं.

"हे दुसऱ्याच्या घरचं हाय," ती म्हणाली.

"आपलंच घर हाय, तुळसा."

"तुम्ही भले माणूस दिसता," ती हळूच म्हणाली, "पण असा कोणाच्या डब्याले हात लावू नाही."

त्या दिवशी कोणीच जेवलं नाही.

सकाळी गोपाळराव डाळीची आणि गव्हाची पिशवी उचलून दुकानात गेले. "हे ठेवा," ते मनोहररावांना म्हणाले. "ती आली का यातलंच द्या."

मनोहररावांनी पिशव्या आत घेतल्या.

तेव्हापासून रोज तेच सुरू झालं. ती सकाळी आपल्याच घरचं सामान तोलून घेऊन यायची आणि खुशीत स्वयंपाकाला लागायची. दोन माणसांत मोठं पातेलंभर वरण व्हायचं. उरलेलं शेजारच्या बायजाबाई घेऊन जायच्या. दुपारी तिला डुलकी लागली, की गोपाळराव मागच्या दारानं पिशव्या परत दुकानात नेऊन ठेवायचे. त्यांचा उजवा खांदा धरला.

एका रविवारी कृष्णकांत आला. आई त्याला "या बसा" म्हणाली आणि पाहुण्यासाठी चहा ठेवायला गेली.

"बाबा, असं किती दिवस चालन?"

"मले काय माहीत?"

"मी तिकडं नेतो तिले."

"तिथं दुकान किती लांब हाय?"

कृष्णकांत म्हणाला, "ट्रकचा रस्ता ओलांडून जा लागते."

"तं मंग राहू दे," गोपाळराव म्हणाले.

दिवाळी झाली आणि एका सकाळी तुळसाबाई उठलीच नाही. आजारी नव्हती, नुसती खाटेवर पडून छताकडे बघत होती. नऊ वाजले, दहा वाजले. गोपाळरावांनी पिशवी तिच्या हाताशी ठेवली.

"किराणा नाही आनायचा का वं?"

"कोणासाठी?" तिनं विचारलं.

तिनं जावं म्हणून नाही, नुसतं उठावं म्हणून त्यांनी चौदाही जणांची नावं घेतली. ती ऐकत राहिली. एकाही नावाला तिची मान हलली नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच दुकानात गेले.

"काय देऊ, भाऊ?"

गोपाळराव पोत्यांकडे बघत राहिले. जन्मात त्यांनी कधी किराणा केला नव्हता. पिशव्या वाहिल्या होत्या, पण कशातलं किती लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"दोन माणसाइले काय लागते?"

"काकू जेवतात का?"

"भरवलं तं दोन घास."

मनोहररावांनी तांदूळ बांधले, मुगाची डाळ बांधली. "खिचडी येते का तुम्हाले?"

"नाही."

मग मनोहररावांनी गिऱ्हाइकं थांबवून खिचडीची सगळी कृती सांगितली. गोपाळरावांनी पाण्याचं माप दोनदा विचारून घेतलं. घरी येऊन त्यांनी स्टोव्ह पेटवला, तांदूळ-डाळ धुऊन पातेल्यात टाकली. हळद आधी की नंतर, ते मात्र त्यांना आठवेना.

"तुळसा, हळद केव्हा टाकू वं?"

तिनं मान वळवून पाहिलं आणि परत छताकडे नजर लावली. त्यांनी चिमूटभर हळद टाकली, झाकण ठेवलं आणि पातेल्याजवळ बसून राहिले.