डोकं निवळलेला दिवस

शामे म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय, हे घरच्यांच्या आधी बाओ खेळणाऱ्यांना कळलं. लाकडी पटाच्या खळग्यांत एकेक बी पेरत जायची आणि शेवटची कुठे पडणार हे पहिली उचलतानाच हेरायचं, यात झांझिबारच्या त्या मोहल्ल्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच शामेने एकदा एका खळग्यात दोन बिया टाकल्या आणि भरल्या ओट्यावर, समोर खेळणाऱ्या मचावर चोरीचा आळ घेतला.

मचा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. "घे, झडती घे माझी! टोपीत बघ, टोपीत!" तो म्हणाला. सगळे खो-खो हसले. शामेने खरोखरच त्याची टोपी उचलून आत पाहिलं. मग कुणी हसलं नाही.

कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं करणी. थोरली मुलगी झुवेना त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. मनगटं आपोआप खाली पडत, सावरत, पुन्हा पडत राहिली.

"मूत्रपिंडं गेली आहेत," त्या म्हणाल्या. "जी घाण लघवीवाटे जायची, ती रक्तातच साठतेय. आणि तेच रक्त मेंदूत फिरतंय."

डायलिसिस सुरू झालं आणि झुवेनाला तिचा बाप परत मिळाला. पण अर्धाच. मशीनं थोडी, रोगी फार. आठवड्यातून दोनदाच नंबर लागे. त्या दिवशी शामे गळून जाई. दुसऱ्या दिवशी डोकं निवळे. मग पुन्हा गढूळ होत जाई. गढूळ दिवशी तो झुवेनाला मेलेल्या बायकोच्या नावाने हाक मारी, आणि तिने ओली लुंगी बदलायला घेतली की घाणेरड्या शिव्या देई. निवळलेल्या दिवशी विचारी, "काल काय केलं मी?"

झुवेना काहीबाही सांगून वेळ मारून नेई. मचाला खोटं बोलता येत नसे; तो सगळं सांगून टाकी.

एका निवळलेल्या दिवशी शामे म्हणाला, "आता मला मशीनवर नेऊ नकोस. ते मशीन त्या दुसऱ्यालाच, शिव्या देणाऱ्यालाच, जास्त जगवतंय."

झुवेना डॉक्टरीणबाईंकडे धावली. "शुद्धीत नाहीत ते. तुम्ही परवा तारीख विचारलीत, तीसुद्धा सांगता आली नाही."

"पूर्वी सांगता यायची?"

"नाही," झुवेनाला कबूल करावं लागलं. "पूर्वीही विचारावी लागायची."

"मग जे त्यांना नक्की यायचं, त्यात पाहा. शुद्धीवर असून नको म्हणत असतील, तर मला ते मानावं लागेल."

पुढच्या निवळलेल्या दिवशी झुवेनाने पट घरात आणला. खिडकीच्या जाळीतून पाहत पाहत ती खेळ शिकली होती. आज बापाने हरावं, एवढंच तिला हवं होतं. तिने मुद्दाम एक भरलेला खळगा उघडा टाकला. त्यावर झडप घातली की पुढच्याच खेळीत बापाची रांग उघडी पडणार होती. गढूळ शामेने तो आधाशासारखा ओढला असता.

शामेने पटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. भलत्याच कोपऱ्यातल्या दोन बिया उचलल्या, पेरल्या, मारल्या, पुन्हा पेरल्या. हात थांबला तेव्हा झुवेनाची पुढची रांग रिकामी होती.

"बापाला लाच देतेस होय गं?"

"आणखी एक डाव, बाबा."

"हरेपर्यंत खेळवणार का मला?"

"हो."

तो हसला आणि बिया मांडू लागला. तिसऱ्या प्रहरी असरची बांग होईपर्यंत ते खेळले. ती दर डाव हरली.

मग त्याने तिचं मनगट धरलं. "आता ऐक. उद्या-परवा तो येईल. त्याला जगायचंय. तो रडेल, गयावया करेल. त्याचं ऐकायचं नाही. शब्द दे."

झुवेनाने शब्द दिला. टॅक्सीवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्यांनी फक्त वेदना शमवायचं औषध पाठवलं.

नंबराच्या दिवशी सकाळी शामे पांढरा झगा चढवून दारात बसला होता. चपला उलटसुलट.

"गाडी कुठेय?"

"आज गाडी नाही, बाबा."

"नाही कशी? मला जायचंय. अंगाला खाज सुटलीय, श्वास पुरत नाही. ने ना गं मला. मी शिव्या नाही देणार, खरंच." त्याने हात जोडायचा प्रयत्न केला, मनगटं खाली पडली. समोरच्या ओट्यावर मचाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"गाडी येणार नाही."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी?" शामे तिच्याकडे बघत राहिला. "मी कशाला असं म्हणेन?"

तो भिंतीला धरून उठू लागला. झुवेना उंबऱ्यावर बसली, दार अडवून.