पाऊल मोडून चालणारी जोडी

मी एक जुनी झोळी आहे. मित्रांनो, सरकारी कागदांवर माझे नाव ‘स्ट्रेचर, लाकडी, घडीचे’ असे भारदस्त आहे, पण पलटणीत त्या नावाने मला कुणी एकदाही हाक मारली नाही. दोन लांब दांडे, मध्ये जाड हिरवे कापड, ते ताणून धरणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या आणि खाली चार बुटके पाय, एवढाच माझा संसार. पण एवढ्याशा संसारात मी जितकी माणसे सांभाळली, तितकी भल्याभल्यांनी सांभाळली नसतील. थोडी बढाई मारते आहे, ते मला कळते. या वयात तेवढी चालायचीच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सुताराने माझे दांडे घासून गुळगुळीत केले, शिलाईच्या बाईंनी कापडाला दुहेरी टीप मारली. मग तपासनीस आला, चक्क माझ्यावर आडवा झाला, दोनदा कूस बदलली आणि ‘पास’ म्हणत हसत उठला. मला वाटले, आपले काम हेच. कुणीतरी येणार, झोपणार, हसत उठणार. किती भोळी होते मी!

पलटणीत मी पट्टीदादाच्या हाती पडले. तो काही डॉक्टर नव्हता. लढाईत जखमी झालेल्यांना जागेवरच पट्टी बांधून मागे तंबूतल्या दवाखान्यात आणायचे, हे त्याचे काम. बुटका, गोलमटोल, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. त्याचा जोडीदार ताडमाड उंच. सगळे त्याला लंब्या म्हणत आणि दिवसभरात तो चार शब्द बोलला तरी लोक मागे वळून बघत. लंब्या पुढे पायांकडे, दादा मागे डोक्याकडे, त्यामुळे जखमीचे पाय नेहमी वर आणि डोके जरासे खाली. रक्त गेलेल्या माणसाला तसेच बरे, असे दादा म्हणायचा. देवाने जोडी ठरवूनच घडवली होती म्हणा ना!

आता आमच्या कामाची एक खुबी सांगते. दोघे पाऊल जुळवून चालले, की मी पाळण्यासारखी झुलू लागते आणि जखमीच्या मोडक्या हाडांना हिसके बसतात. म्हणून पुढच्याने डावे पाऊल टाकले, की मागच्याने उजवे टाकायचे. दादा आणि लंब्याच्या ते इतके अंगवळणी पडले होते, की जेवायला निघाले तरी दोघे तसेच चालत.

हे बघून कवायत मास्तरांचे डोके फिरायचे. सातशे माणसांची पावले एका ठेक्यात पडली पाहिजेत, यासाठीच त्यांचा जन्म होता. “अरे ए जोडगोळी!” ते मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून गरजत. “एकाच पलटणीत आहात ना? मग पाय दोन पलटणींचे कसे?”

“मास्तर, जखमीला हिसका बसतो हो,” दादा म्हणायचा.

“इथे कुठे जखमी आहे? मैदानात माझा नियम! झोळी डोक्यावर घ्या, तीन फेऱ्या!”

आणि मग माझी मैदानाभोवती वरात निघायची. मला ते मनापासून आवडायचे, हे मात्र मी कुणाला कळू दिले नाही.

मग लढाई आली. त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही कोरड्या ओढ्यापलीकडून तेरा जखमींना आणले. दर खेपेला पलीकडून गोळ्या सुटत आणि दर खेपेला ओढ्यात उतरताना दादाची बडबड वाढत जाई. अकराव्या खेपेला माझे कापड फाटले. ज्या सुईने तो अडीनडीला माणसेही शिवायचा, तिनेच त्याने मला सात टाके घातले. चौदावा निरोप आला, तो कवायत मास्तरांचा. मांडीत गोळी घुसून ते पलीकडे उघड्यावर पडले होते.

“गोळीबार थांबू दे, मग जा,” अधिकारी म्हणाले.

“गोळीबार थांबेल हो साहेब, रक्त थांबेल का?” दादाने विचारले. उत्तराची वाट न बघता त्याने माझ्या दांड्यांची मागची दोन टोके धरली. पुढची दोन मातीतच होती. लंब्या गुपचूप आला आणि त्याने ती उचलली. मित्रांनो, त्या क्षणी मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटला, की माझे टाके उसवतात की काय असे झाले.

मास्तरांच्या मांडीला दादाने पट्टी आवळली, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “झोप येतेय रे,” ते पुटपुटले.

“झोपायचं नाही, मास्तर!” दादाने खूप गप्पा मारून पाहिल्या. मास्तरांचे डोळे मिटतच चालले. ते एकदा मिटले असते, तर पुन्हा उघडले नसते. मग दादाला काय सुचले कोण जाणे. “मास्तर,” तो म्हणाला, “जरा ऐकून सांगा ना, आमची पावलं जुळतायत का?”

मास्तरांनी एक डोळा उघडला. बुटांचे आवाज ऐकले. आणि त्यांच्या कपाळावर ती ओळखीची आठी चढली!

“चुकतंय,” ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, “साफ चुकतंय! लंब्या, गाढवा, पाऊल जुळव! एक-दोन! एक-दोन!”

डोक्यावरून गोळ्या सणसणत होत्या आणि माझ्यावर आडवे पडून मास्तर कवायत घेत होते! पण इथेच घोटाळा झाला. त्यांचा हुकूम कानावर पडला की पाय आपोआप ऐकायचे, अशी लंब्याला चार वर्षांची सवय. त्याने चटकन पाऊल बदलले. दोघांची पावले जुळली, मी गदकन झुलले आणि मास्तरांच्या मांडीला असा हिसका बसला की त्यांची किंकाळी ओढ्यापार गेली.

“मोडा!” ते ओरडले. “पाऊल मोडा आधी! पुढचा डावा, मागचा उजवा! अजिबात जुळवू नका!”

“जसा हुकूम, मास्तर!” दादा म्हणाला. तो रडत होता की हसत होता, ते मला आजही सांगता येणार नाही. मास्तर दवाखान्याच्या तंबूपर्यंत तोच हुकूम सोडत आले. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली आणि म्हणाल्या, “एवढं ओरडतायत ना? मग जगतात.” आणि मास्तर जगले!

पुढे दादाला शौर्यपदक मिळाले. मोठ्या साहेबांनी ते छातीवर लावले आणि विचारले, “भीती नाही वाटली?”

“वाटली ना, साहेब. पण मास्तर इतके ओरडत होते की तिच्याकडे लक्षच गेलं नाही.”

दादाच्या हट्टापायी मलाही घेऊन लंब्या शेजारी उभा होता. परत फिरताना दोघांनी मला उचलले आणि सातशे माणसांसमोर, सवयीने, पाऊल मोडून चालू लागले. सगळ्यांच्या नजरा कुबडी घेऊन उभ्या असलेल्या मास्तरांकडे वळल्या.

मास्तरांनी छाती फुगवली. “बरोबर चाललेत!” ते गरजले, आणि साऱ्या मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला.

त्यानंतर बरीच वर्षे मी कोठारात होते. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, दुपारी कोठारातला कारकून माझ्यावर घोरत पडे. वाईट वाटायचे, पण घोरणारा माणूस निदान जिवंत असतो, अशी मी समजूत घालायची. आता दादा प्रथमोपचाराच्या शाळेत शिकवतो आणि मी तिथे पुन्हा कामाला लागले आहे.

मित्रांनो, माझे कापड कोरडे ठेवा, दांड्यांना तेल द्या, एवढी काळजी तर घ्याच. पण एक ध्यानात ठेवा. मी स्वतःहून आजवर एकदाही उठलेले नाही. दोघे वाकले तरच मी उठते. तुमच्यासमोर कुणी पडले, तर भोवती गर्दी करून बघत राहू नका. कुणीतरी एकाने आधी वाका. दुसरा येतो, न बोलावता येतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.