शकुबाईच्या हातातला करंट

नागपुरातून पहिली सलाईन घेऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शकुबाईनं दुधाचं पातेलं काढायला फ्रिजच्या दांडीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत सुया टोचत गेल्या होत्या.

"अहो, फ्रिजमंधी करंट उतरला," तिनं पुंडलिकरावांना सांगितलं. "मले झटका बसला."

लोधीखेड्याजवळ त्यांची संत्र्याची बाग होती आणि घर बागेला लागूनच. पुंडलिकराव बागेतून तसेच आले, मेन स्विच पाडला आणि गावातल्या सुखदेव वायरमनला बोलावून घेतलं. सुखदेवनं फ्रिज ओढून मागून पाहिला, अर्थिंग तपासलं, टेस्टर सगळीकडे लावून पाहिला.

"काही नाही जी काकाजी, लाइन बरोबर आहे."

"मंग हिले लागला तो काय होता?"

सुखदेवनं फ्रिज पुन्हा जागेवर ढकलला. चहा पिऊन तो निघून गेला. पुंडलिकरावांनी तरी फ्रिजसमोर रबराची चटई आणून टाकली. मोठा आजार झालेल्या बाईला वरून करंट लागलेला त्यांना चालणार नव्हता. दिवाळीच्या आधी शकुबाईच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती. रोग पुन्हा उठू नये म्हणून आता दर तीन आठवड्यांनी नागपूरला जाऊन शिरेतून औषध घ्यायचं आणि मधल्या दिवसांत घरी गोळ्या खायच्या, असं ठरलं होतं.

चटईनं काही फरक पडला नाही. शकुबाई मोरीत गेली आणि स्टीलच्या मगाला हात लावताच तोच झटका बसला. मोरीत तर साधा दिवासुद्धा नव्हता. तो मग हातात न घेता ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. नंतर तिनं शेजारच्या प्लास्टिकच्या डब्याला बोट लावलं. जरासं टोचलं, पण झटका नाही. दोरीवरच्या वाळलेल्या टॉवेलला लावलं, तर काहीच नाही.

"चंचल," तिनं सुनेला हाक मारली. "दवाखान्यातल्या सिस्टरनं थंडीचं काय सांगितलं होतं गं?"

"थंडीपासून जपा म्हणे. म्हणून तर मी तुम्हाला स्वेटर घालून राहिली ना आई."

दोघींनीही त्याचा अर्थ सर्दी-पडशापासून जपा असाच घेतला होता.

रविवारी पांढुर्ण्याहून शकुबाईची भाची प्राजक्ता भेटायला आली. ती तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं दवाखान्याचा कागद वाचला, ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषधाचं नाव मोबाइलवर शोधलं आणि हसली.

"आत्या, फ्रिज बिचारा चांगला आहे. हे औषधामुळं होते. यानं हातापायाच्या नसा थंडीला चिडतात. काही दिवस राहते, मग जाते. सिस्टर हेच सांगत होती तुला."

"मंग लाकूड काहून नाही चावत? रात्रभर ओट्यावर पोळ्या लाटायचं बेलणं होतं अन् गिलासही होता. दोघायले थंडी तर सारखीच लागली."

प्राजक्ताला हा प्रश्न आवडला. तिनं आत्याला उन्हात खाटेवर बसवून डोळे मिटायला लावले आणि घरातल्या सावलीतून एकेक वस्तू आणून तिच्या बोटांना टेकवली. स्टीलचा गिलास टेकताच शकुबाईनं हात ओढून घेतला. बेलणं तिनं धरून ठेवलं. झाडावरून तोडून आणलेलं संत्रं थोडं टोचलं. शेवटी सरकीसकट कापसाचं बोंड टेकवलं, तर तिला कळलंच नाही की हातात काही आहे.

"बेलणं गरम नाही आत्या," प्राजक्ता म्हणाली. "गिलासाइतकंच थंड आहे. पण स्टील तुझ्या हाताची ऊब भर्रकन ओढून घेते. लाकूड हळूहळू घेते, आणि कापूस तर घेतच नाही म्हटलं तरी चालेल."

शकुबाईनं डोळे उघडले. "म्हणजे माही ऊब किती लवकर गेली, ते हे मले सांगून राहिलं."

त्या दिवसापासून तिला घर नव्यानं दिसायला लागलं. फरशी कुठं उन्हानं तापते आणि कुठं तापत नाही, ते तिच्या तळव्यांना कळायचं. गरम जेवणाचासुद्धा पहिला घास चावला की जबड्यात कळ यायची, दुसऱ्याला कमी आणि तिसऱ्याला नाहीच. चंचलनं तिला लोकरीचे हातमोजे आणून दिले. तरी मोजा काढून कशाकशाला बोट लावून पाहायची सवय काही जाईना.

ती सवय दुसऱ्या सलाईननंतर अंगाशी आली. कोमट पाणीच प्यायचं असं आता तिला नीट समजलं होतं. पण हाताला असं होतं तर घशाला कसं होत असेल, हा विचार काही डोक्यातून जात नव्हता. दुपारी स्वयंपाकघरात कोणी नाही असं पाहून ती माठातलं घोटभर पाणी प्यायली.

घसा आवळून आला, आतून कोणी मूठ मिटावी तसा. श्वास जातोय की नाही तेच कळेना. ती भिंतीला धरून खाली बसली. माठावर ओगराळं आपटल्याचा आवाज ऐकून चंचल धावत आली. तिनं एका हातानं सासूची पाठ धरली आणि दुसऱ्या हातानं दवाखान्यात फोन लावला.

"त्यांना बोलायला लावा," सिस्टर पलीकडून म्हणाली. "ओठ निळे पडलेत का? तोंडावर सूज, अंगावर गांधी?"

"नाही मॅडम, तसं काही नाही. आई, बोला काहीतरी."

"काय बोलू?" शकुबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि तिच्याच लक्षात आलं की बोलता येतंय म्हणजे हवा जातेय. चंचलनं दिलेलं गरम पाणी घोट घोट घेतलं तशी मूठ सुटत गेली. हे इथंच थांबलं नाही किंवा खरंच दम लागला, तर वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात न्या, असं सिस्टरनं बजावलं. पुंडलिकरावांनी संध्याकाळी माठच अंगणात नेऊन पालथा घातला.

पुढच्या सलाईनच्या वेळी नागपुरातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मुद्दाम प्यायलात?"

"हो."

"आता नका पिऊ. यापुढं सलाईन आपण हळू सोडू, बराच वेळ लावून. त्यानं घशाचा त्रास कमी होतो."

तसंच झालं. घसा पुन्हा आवळला नाही. पण थंडी सरत आली, बागेत संत्र्याच्या फुलांचा वास सुटला, आणि शकुबाईची बोटं मात्र बधिर राहू लागली. आधी आठवड्याभरात मुंग्या जायच्या, आता पुढची सलाईन आली तरी जात नव्हत्या. बोटांना थंडीही लागत नव्हती. ब्लाउजचे हुक लागेनात. एकदा चप्पल एका पायातून सुटून मागं राहिली आणि ती तशीच चालत विहिरीपर्यंत गेली. हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

चप्पल पुंडलिकरावांना सापडली. त्यांनी प्राजक्ताला फोन केला आणि शकुबाईच्या हातात दिला.

"आत्या, तू तर गिलास आणि बेलण्याचंही विचारलंस," प्राजक्ता फोनवर म्हणाली. "हेच कसं नाही विचारलं?"

शकुबाई फोन घेऊन अंगणात आली. "याचं उत्तर मले नको होतं पोरी. सांगितलं अन् औषध बंद केलं तर? गाठ परत आली तर?"

"न सांगता चालू ठेवलं तर हात जातील ना. दोन्ही गोष्टी त्यांच्यापुढं ठेव. ठरवायचं ते मिळून ठरवा."

नागपुरात डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला सांगून पायाच्या अंगठ्याला आपटला की थरथरत राहणारा लोखंडाचा एक चिमटा वाजवून टेकवला. शकुबाईला काही जाणवलं नाही. घोट्यावर टेकवला तेव्हाही नाही. नडगीवर मात्र बारीक गुणगुण आत शिरली.

"पुन्हा वाजवा जी," ती म्हणाली. "कुठून सुरू होते ते पाहू द्या."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वाजवला. मग त्यांनी समजावून सांगितलं. शिरेतलं औषध आता थांबवायचं, गोळ्या चालू ठेवायच्या. जेवढं औषध गेलं त्यानं त्याचं बरंचसं काम केलं असेल, पण खात्री कोणी देऊ शकत नाही. बधिरपणा आधी आणखी वाढेल, मग हळूहळू उतरेल. पूर्ण जाईलच असं नाही.

"वाढेल तेव्हा घाबरू नका. पण सांगा."

वाढलाच. फाल्गुनात तिला हातातला चमचा पाहिल्याशिवाय धरता येत नव्हता. विळीवर भाजी चिरणं चंचलनं बंद करायला लावलं. शकुबाईनं ते ऐकलं आणि बसल्या बसल्या शेंगा फोडून पाहिल्या, त्याही जमल्या नाहीत. तपासणीत गाठ कुठं दिसली नाही, एवढं बरं होतं.

उन्हाळा भरात असताना वीरेंद्र, तिचा मुलगा, सौंसरहून गहू दळून घेऊन आला. पिठाचा डबा ओट्यावर ठेवून तो हात धुवायला गेला. शकुबाईनं झाकण उघडून सवयीनं हात आत घातला. पीठ चक्कीवरचं गरम होतं. ते तिला अंगठ्याला कळलं, तर्जनीलाही थोडं कळलं. बाकीच्या बोटांना काहीच कळलं नाही.

तिनं हात काढला नाही. एकेक बोट सुटं करून पिठात खुपसत ती पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात करू लागली. चंचल दारात येऊन उभी राहिली.

"काय करून राहिल्या आई?"

"थांब," शकुबाई म्हणाली. "करंगळीचं पाहून राहिली."