डाव्या हातांचा वर्ग

शिक्षिका होऊ घातलेल्या धाकटीने सातवीच्या वर्गाशी एक करार केला होता आणि आता तो मोडायचा कसा, हे तिला कळत नव्हतं.

करार साधा होता. परीक्षक मागच्या बाकावर बसलेले असताना तिने प्रश्न विचारला, की झाडून सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. ती फक्त उजव्या हातांना विचारणार. डाव्या हाताच्या वाटेला जाणार नाही, असा शब्द तिने दिला होता.

युक्ती तिची नव्हती. अध्यापक विद्यालयात तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने, जिला सगळे घाईबाई म्हणत, ती तिच्या गळी उतरवली होती.

"अगं, मागच्या पाठाला तुला शेरा काय मिळाला? 'वर्गाचा प्रतिसाद नाही.' मग प्रतिसाद उभा कर की! चाळीस हात एका झटक्यात वर गेले, की परीक्षक गार."

हा शेवटचा सराव पाठ होता. त्याच शाळेत विज्ञानाची एक जागा रिकामी होती. मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं होतं, 'अ' श्रेणी आणा, जूनपासून रुजू व्हा. रंगाच्या कारखान्यातली प्रयोगशाळा सोडून, तिशी गाठल्यावर ती शिक्षिका व्हायला निघाली होती. राहत होती थोरल्या बहिणीकडे, ताईकडे. भावोजी जेवताना विचारायचे, "काय मग, खडू हातात कधी?" ते हसतच विचारायचे, पण ताई तेवढ्या वेळात पानातलं काहीतरी उगाच सारखं करायची.

करार सोमवारी झाला. मंगळवारी दुपारी विद्यालयात एक व्याख्यान होतं आणि तिथेच सगळं फिसकटलं.

व्याख्यानाला आलेल्या बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. ठेंगण्या, कानात यंत्र. माईक त्यांनी बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "मी अकरा वर्षं फार छान शिकवलं. मग एकदा मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. म्हटलं, नाव घालू नका, दुपारी सावली आखूड का होते ते चित्र काढून दाखवा. तेहेतीस चिठ्ठ्यांपैकी सव्वीस चुकीच्या. तोंडी विचारलं तेव्हा हीच मुलं घडाघडा बोलली होती."

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत.

"बरोबर उत्तर आलं, की आपण सुटकेचा श्वास सोडतो. तो सोडू नका. 'कशावरून?' म्हणा, आणि मग तोंड बंद ठेवा. फार कठीण असतं ते, मला अजून जमत नाही. आणि चुकलेलं मूल खाली बसताना त्याची मान कशी आहे, तेवढं बघा. बाकी सगळं पुस्तकात आहे."

धाकटीने वहीत एवढंच लिहून घेतलं. टाळ्या थांबेनात. घाईबाईनेही वाजवल्या, आणि बाहेर पडताना म्हणाली, "काय बोलल्या गं! पण उद्या तुझा पाठ आहे, त्यांचा नाही. शहाणपणा परवापासून कर."

बुधवारी तिसऱ्या तासाला परीक्षक आले. उंच, करड्या सदऱ्याचे, हातात तिच्या टाचणाची, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याची, प्रत. टाचणात मिनिटामिनिटाचा हिशोब होता. शेवटी समारोप, फलक लेखन, स्वाध्याय. ते मागच्या बाकावर बसले, गुडघे बाकाला टेकत होते म्हणून तिरके.

धाकटीने टेबलावर काचेचा पेला ठेवला, त्यात पाणी ओतलं, बर्फ टाकला. पेला शाळेच्या चहाच्या कपाटातून आणला होता. पाचेक मिनिटांत काच धूसर झाली आणि बाहेरच्या बाजूने थेंब धरले.

"हे पाणी कुठून आलं?"

सगळेच्या सगळे हात वर. परीक्षकांनी मान वर केली आणि काहीतरी लिहिलं. उजवे हात बरेच होते. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी डावा हात ताठ धरून होती. नजर मात्र पेल्यावर खिळलेली.

"हवेतल्या बाष्पाचं पाणी झालं, बाई," पहिल्या बाकावरच्या उजव्या हाताने सांगितलं.

टाचणाप्रमाणे आता 'शाब्बास' म्हणायचं होतं. टेबलाखाली रुमालाने झाकलेला दुसरा पेला तयार होता, निळ्या शाईच्या पाण्याचा. तो काढायचा, बाहेरचे थेंब निळे नाहीत हे दाखवायचं, आणि पुढे जायचं.

"कशावरून?" धाकटी म्हणाली.

मुलगा थांबला. "पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे ते खरं. पण तुला कशावरून?"

तो बसला. एकेक उजवा हात खाली येऊ लागला. दोघातिघांनी तो खाली घेऊन डावा वर केला. कुणीतरी खुसखुसलं. धाकटी गप्प राहिली. मागे परीक्षकांनी घड्याळ पाहिलं.

वेणीवालीला विचारावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण शब्द दिलेला होता. तो मोडला असता, तर ती मुलगी पुन्हा कधीच कुठल्या बाईंवर विसंबली नसती. आणि पाळला असता, तर तिच्या मनात काय आहे ते कळायला मार्गच नव्हता.

"हात खाली घ्या," धाकटी म्हणाली. "आपला करार संपला."

"कसला करार?" मागून आवाज आला.

चाळीस माना वळल्या. परीक्षक उभे राहिले होते. तिने सांगितलं. उजवा कशासाठी, डावा कशासाठी, सगळं.

"कुणी शिकवलं हे?"

"मी केलं, सर."

ते बराच वेळ लिहीत राहिले. मग बसले आणि हाताने खूण केली: चालू द्या.

"आता कुणालाच नाव घेऊन विचारणार नाही," ती वर्गाला म्हणाली. "ज्याला वेगळं वाटतं, त्याने बसल्या जागेवरून बोलायचं."

तिने बोटं टेबलाच्या कडेला दाबून धरली.

"काच झिरपते," वेणीवाली म्हणाली.

पाठीमागून एक जण फिस्सकन हसला. "काच काय मडकं आहे का गं?"

"थांब," धाकटी त्याला म्हणाली. "झिरपत नाही, हे तू दाखवू शकतोस?"

"नाही... पण दिसतंच ना, बाई!"

"मी दाखवू शकते," मुलगी आता उभीच राहिली. "म्हणजे, झिरपतंय का नाही ते. आत साखर टाकू. पेला बाहेरून पुसून काढू. नवे थेंब गोड लागले, तर आतलेच."

शाईचा पेला धाकटीच्या पायापाशी होता. वाकलं की झालं, सात मिनिटांत सगळं उरकून समारोप करता आला असता. ती वाकली नाही.

"साखर आण," ती म्हणाली. "चहाच्या कपाटात आहे. आणि येताना स्वच्छ रुमाल."

मुलगी पळत गेली, पळत आली. साखर ढवळली, काच पुसली, आणि वर्ग पेल्याभोवती जमला. थेंब धरेनात. धरले तेव्हा घंटा झाली. फळ्यावर एक अक्षरही नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात परीक्षकांनी मूल्यमापनाचा तक्ता भिंतीला टेकवून भरला. "समारोप नाही. फलक लेखन नाही. आणि पहिली बारा मिनिटं फसवणूक." त्यांनी तक्ता तिच्याकडे वळवला. "तुम्ही सांगण्याआधी मी 'अ' लिहिला होता. हा बघा, खोडलाय."

त्यापुढे 'क' होता.

"उत्तीर्ण आहात. पण इथली जागा... तुम्हाला माहीत आहे."

"हो, सर."

"'वर्गाचा प्रतिसाद' या रकान्यात काय लिहावं, मला समजत नाही. कोरा ठेवतोय."

तिने खाली सही केली. ताईला काय सांगायचं, भावोजी काय म्हणतील, हे एका दमात मनात येऊन गेलं. परीक्षक जिना उतरले. पेला परत करायचा म्हणून ती वर्गात वळली.

मधली सुट्टी होती. तरी दहाबारा जण टेबलाशीच.

"मी चाखलं, गोड आहे! झिरपतेच काच!"

"तुझ्या तोंडात गोळी आहे," वेणीवाली ओरडली. तिचंच म्हणणं खरं ठरत होतं, तरी. "तुझं धरायचं नाही. चूळ भरून ये."

"आणि ढवळताना बाहेर सांडली असेल तर?" फिस्सकन हसलेला म्हणाला.

"मग पुन्हा करायला पाहिजे. पण बर्फ वितळला..."

त्यांनी वळून पाहिलं तेव्हा धाकटी दारात उभी होती.

"किती हवाय?" तिने विचारलं, आणि बर्फ आणायला निघाली.