अप्पांचं इंजिन

कितीतरी वर्षं आमच्या गल्लीतली सकाळ एका खोकल्याने उजाडत असे. करंजांच्या झाडांखाली रात्रीचा गारवा रेंगाळत असतानाच शेजारच्या शेडचं लोखंडी दार करकरत सरकायचं, आतली ती साईच्या रंगाची, गोल नाकाची जुनी मोटार दोनदा खोकायची आणि तिसऱ्यांदा दम धरायची. मग निळसर धुराच्या पडद्याआडून, कोवळ्या तिरप्या उन्हात, पदर कमरेला घट्ट खोचलेल्या अक्का दिसायच्या. एक हात चाकावर, दुसरा चाकालगतच्या गिअरच्या दांड्यावर, आणि मान किंचित कललेली, गाडी आज काय म्हणते ते ऐकत. गल्ली ओलांडेपर्यंत त्या कुणाकडे बघत नसत.

अक्का म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या. पूर्वज राजाच्या घोडदळात होते. घोडे गेले, तलवारी माळ्यावर गेल्या, मराठी तेवढी स्वयंपाकघरात तग धरून राहिली, तीही कन्नडची फोडणी घेऊन. मी साताऱ्याकडची, नवऱ्याच्या हेब्बाळच्या नोकरीपाठोपाठ इथं म्हैसूरला आलेली. टेंपोतून सामान उतरत होतं तेव्हा फाटकाशी येऊन त्यांनी मला बजावलं होतं, आधी कॉफी कुडी, पिऊन घे, सामान मग लाव. त्या दिवसापासून माझं माहेर शेजारी आहे.

गाडी त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, घेतलेली. हुणसूरला तंबाखूचा व्यापार होता. पुढे अप्पांची दृष्टी अधू होत गेली, धाकटा वसंता शिकायला वसतिगृहात, आणि मग चाकामागे कुणी बसायचं हा प्रश्न न विचारताच अक्का बसल्या. तंबाखूच्या हिरव्या शेतांमधून, भट्ट्यांच्या उग्र वासातून त्यांनी आंधळ्या बापाला वर्षानुवर्षं फिरवलं. डावीकडे तळं भरलंय, उजवीकडे कुणाची लग्नाची वरात चाललीय, असं सगळं बोलून दाखवत. नंतर त्याच रस्त्यानं त्या हुणसूरच्या शाळेत गणित शिकवायला जात राहिल्या. अप्पा गेले तेव्हा गाडी वसंतरावांच्या नावावर झाली. मुलगा ना! चालवायची हिनं, पाणी-तेल बघायचं हिनं, घाटात तापली तर बोनेट उघडून रस्त्याकडेला उभं राहायचं हिनं, आणि कागदावर नाव त्याचं. तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, अक्कांनाही नाही.

मग गुडघ्यानं दगा दिला. डावा गुडघा, क्लचचा. डॉक्टरांनी बोट वर करून सांगितलं की आता ही गाडी विसरा. शेडचं दार मिटलं आणि आमची सकाळ मुकाट्यानं उजाडू लागली. अक्का ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत बसून रस्ता बघत. रस्ता बघणाऱ्या म्हाताऱ्या मी पुष्कळ पाहिल्यात, त्यांना येणारी माणसं हवी असतात. अक्का माणसांकडे बघतच नसत, वळणाकडे बघत. छोटी, बिनक्लचची नवी गाडी घ्या, असं मीच त्यांना सुचवून पाहिलं. त्यावर, दुसऱ्याच्या चपला घालून गाव फिरवतं का गं, असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

आणि एक दिवस त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली. बॅटरीवरच्या गाड्यांचंच तिचं काम. तिनं शेड उघडून गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, इंजिन काढून मोटर आणि बॅटऱ्या बसवता येतात. क्लच लागत नाही, गिअर बदलावा लागत नाही. चाक तेच, दारं तीच, बसायची जागा तीच. मालकानं अर्जावर सही केली की झालं. त्या संध्याकाळी अक्का फाटकापर्यंत काठीशिवाय चालत आल्या. मला म्हणाल्या, की सरगूरच्या रस्त्याला एक उतार आहे, तिथं इंजिन बंद करून गाडी सोडली की नुसता वारा ऐकू येतो. आता सगळा रस्ताच तसा होईल. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या डोळ्यांत इतका उजेड मी आधी पाहिला नव्हता.

सही वसंतरावांची हवी होती. ते खंडेनवमीला, इथल्या आयुधपूजेला, दरवर्षी बंगळूरहून येतात. याही वर्षी आले, बरोबर जुन्या गाड्यांवर जीव टाकणारे चार मित्र घेऊन. अक्कांनी नाश्त्याच्या वेळीच विषय काढला, आणि पानावर पाल पडावी तसे सगळे दचकले. काय काय म्हणाले म्हणून सांगू! हा वारसा आहे, ही हत्या आहे, मूळ इंजिनाला हात लावणं म्हणजे देवळातली मूर्ती हलवणं. वारसा म्हणे! हे बोलणारे गृहस्थ स्वतः कोऱ्या बॅटरीच्या गाडीतून आले होते आणि तिची तार अक्कांच्याच ओसरीवरच्या प्लगात खोचलेली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण घर दुसऱ्याचं, मी ताटात आणखी चटणी वाढली.

मग पूजा झाली. झेंडूच्या माळा, बोनेटवर हळदकुंकवाची बोटं, चाकांखाली लिंबं. कोहळा फुटला, आश्विनाच्या उन्हात त्याचा कुंकवानं लाल झालेला गर चकाकला. आता गाडी लिंबांवरून पुढे न्यायची. हे काम आजवर अक्कांचं. वसंतराव मोठ्या भक्तिभावानं चाकामागे बसले आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की त्यांना हा दांड्याचा गिअर कधी जमलेलाच नाही. गाडी आचके देऊन बंद पडली. मित्रांनीही हात मारून पाहिला. अखेर त्या चौघांनी, सोवळ्यातल्या सोनसळी धोतरांवर तेलाचे डाग पाडून घेत, गाडी मागून ढकलत लिंबांवरून नेली. इंजिनात हात घालू नका म्हणणाऱ्यांना ते चालवता येईना, आणि जिला येत होतं ती खुर्चीत बसून बघत होती. कुणाला हसूही आलं नाही.

अक्का उठल्या. खांबाला धरून पायऱ्या उतरल्या, गाडीपाशी आल्या आणि काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "वसंता, तू मागं बसून आवाज ऐकलास, म्हणून तुला आवाज आठवतो. मला क्लच आठवतो. सही कर."

वसंतरावांचे डोळे भरून आले. खोटे नव्हते ते अश्रू, म्हणूनच मला त्यांचा अधिक राग आला. "अक्का, ते नुसतं इंजिन नाही गं. ते सुरू झालं की मला अप्पा दिसतात."

"अप्पा गेले," अक्का म्हणाल्या. "मी आहे."

त्यावर ते काहीतरी बोलू लागले, पुढच्या वर्षी बघू, घाई कशाला, असलं मिळमिळीत. अक्कांनी हात वर केला. "साकु." म्हणजे, पुरे झालं. आणि त्या आत गेल्या.

जाताना वसंतरावांनी गाडीवर बंगळूरहून आणलेलं, अंगासारखं बेतलेलं झाकण चढवलं. इंजिन आखडू नये म्हणून एक माणूसही लावून दिला आहे. तो अधूनमधून येतो, शेड उघडून गाडी चालू करतो, तिचा आवाज मोबाइलमध्ये भरून बंगळूरला पाठवतो. गाडी जागची हलत नाही. तिकडे वसंतरावांना गहिवर येत असेल, इकडे अक्का उठून मोरीतला नळ मोठा सोडतात. चांगुलपणानं केलेल्या अन्यायाशी भांडायचं तरी कसं? कुणी वाईट वागलेलं नाही. सगळे हळवे आहेत, सगळे प्रेमळ आहेत, आणि म्हातारीचं बाहेर पडणं मात्र बंद झालं आहे.

गेल्या आठवड्यात त्यांच्या त्याच विद्यार्थिनीकडे बारसं होतं, म्हणून मी अक्कांना टॅक्सीनं सरगूरला घेऊन गेले. कार्तिकाचं निवळ ऊन, दोन्हीकडे कापणीला आलेली नाचणी. त्या माझ्याशेजारी मांडीवर हात जुळवून बसल्या होत्या, पाहुण्या बाईसारख्या. एका वळणाआधी टॅक्सीचा वेग उतरला आणि माझं सहज खाली लक्ष गेलं. अक्कांचा डावा पाय पायपुसण्यावर खोल दाबला जात होता. ओठ दुखण्यानं आवळलेले, तरी पाय दाबलेलाच. वळण सरलं, तसा तो हळूहळू सुटला, गाडीला हिसका बसू नये इतक्या हळू. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. तो उतारही येऊन गेला, ड्रायव्हरनं गाणी लावलेली होती.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. काळ माणसांना घेऊन जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याचा तो धर्मच आहे, आणि गेलेल्यांच्या आठवणी काढत बसणं हा आपला. पण समोर असलेल्या माणसाला नसल्यात जमा करण्याचं काम काळ कधीच करत नाही. ते आपण करतो, डोळ्यांत पाणी आणून.