पिठाची बोटं

बेकरीवालीच्या थोरल्या मुलाचं वागणं पार बिघडलं होतं. पूर्वी बस लावली की तो बेकरीच्या मागच्या दारानं आत यायचा, "आई, चहा" म्हणायचा आणि उभ्याउभ्या दोन पाव संपवायचा. गेल्या महिन्यापासून इंजिन बंद केलं की तो आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसे. मग बावीस प्रवाशांना घेऊन थेट समोरच्या उभ्या दगडाकडे चालू लागे. आई काचेमागे उभी आहे, तिनं हात वर केलाय, याची दखलच नाही.

"पोटच्या पोरानं आधी दगडाला भेटावं आणि मग आईला, यासाठी का मी याला न्हाऊमाखू घातलं?" बेकरीवाली गिऱ्हाइकांना विचारायची. गिऱ्हाइकं पाव घेऊन नुसती मान हलवायची. तिच्याशी वाद घालायची हिंमत गावात फारशी कुणात नव्हती.

दगड जुनाच होता. तळ्याला वळसा घालून जाणाऱ्या चाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर असे सात ठिकाणी दगड होते. कुठे एकटाच उभा, कुठे गोल करून बसलेले, कुठे तिघांच्या डोक्यावर चौथा छपरासारखा ठेवलेला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी ते उभे केले, असं पाटीवर लिहिलं होतं. पाटी लागायच्या आधी त्यांना शेळ्या अंग घासत, आणि बेकरीवाली त्यावर पिठाच्या धुतलेल्या गोण्या वाळत घाली. मग पर्यटन खात्यानं सातही जागा एका नकाशावर जोडल्या, वळणावळणावर तपकिरी पाट्या रोवल्या, आणि तिच्या दुकानासमोरचा दगड झाला 'थांबा क्रमांक चार'. पाव जास्त खपू लागले. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती पाट्यांमागून आलेल्या माणसाबद्दल.

लोक त्याला शिलागुरू म्हणत. ती म्हणायची कंपनबुवा, कारण दर तिसऱ्या शब्दाला त्याच्या तोंडी 'कंपन' असायचं. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस बसस्थानकावर बुटात घालायचे चुंबकाचे तळवे विकत होता, हे तिला पक्कं आठवत होतं. आता अंगात लांब काळा सदरा आला होता आणि आवाजात मध.

"या खडकात तीन हजार वर्षांची कंपनं साठलीत," तो म्हणायचा. "मी चमत्कार करत नाही हं! हे शुद्ध विज्ञान आहे. मोठमोठ्या प्रयोगशाळा थक्क झाल्यात."

"कुठल्या?" एकदा एका प्रवाशानं विचारलं.

"त्यांनी नावं सांगायला मनाई केलीय," कंपनबुवा म्हणाला. आणि लोकांनी, देवा रे, माना डोलावल्या!

त्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. बेकरीवालीनं काचेतून पाहिलं, तर लोकांच्या गोलाच्या मधोमध तिची नात उभी. थोरल्याची दहा वर्षांची लेक. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी ती कधी टिकत नसे. पण आज अगदी ताठ उभी होती, उजवा हात बाजूला सरळ धरून. कंपनबुवानं दोन बोटं तिच्या हातावर ठेवली.

"धर, धर, सोडू नकोस!"

हात झपकन खाली आला.

"आता डावा तळवा दगडावर. डोळे मीट. दीर्घ श्वास." त्यानं पुन्हा दोन बोटं टेकवली आणि चेहरा लालबुंद होईस्तोवर जोर लावला. हात तसूभर हलला नाही. लोकांच्या तोंडून 'आँ' निघालं. थोरल्यानं डोळे पुसले.

बेकरीवाली पिठानं माखलेला पदर कमरेला तसाच खोचून रस्ता ओलांडून आली. "पोरीला उन्हात काय उभं केलंय? हा काय तमाशा?"

"आई, तू मध्ये बोलू नकोस," थोरला कुजबुजला.

"बोलू दे, बोलू दे," कंपनबुवा हसला. "शंका घेणाऱ्यांवर तर माझं जास्त प्रेम. या माऊली, तुम्हीच करून पाहा."

ती मागे हटणाऱ्यांतली नव्हती. तिनं हात पुढे केला. चाळीस वर्षं पीठ तिंबलेला हात. दोन बोटांनी तो खाली गेला. मग तिनं दगडाला हात लावला, आणि तो राहिला! कंपनबुवा जवळजवळ लोंबकळला, तरी राहिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती स्वतःच्या हाताकडे पाहत दुकानाकडे वळली. 

दुकानात परत येताच मागून सून आली. तिचा चेहरा उतरलेला होता. "आई, एक सांगते, रागावू नका. भिंगरीच्या गोळ्या काल सकाळपासून बंद केल्यात यांनी."

"कोणाला विचारून?"

"गुरू म्हणाले, रोग म्हणजे ताकदीची गळती. हात राहिला म्हणजे गळती थांबली. उद्या दहा वाजता सगळ्यांसमोर गोळ्यांची पाकिटं दगडाच्या पायथ्याशी पुरायची. पाकिटं यांनी बसमध्ये कुलपात ठेवलीत."

दोन वर्षांपूर्वी भिंगरीला पहिला झटका याच दुकानात, याच फरशीवर आला होता. दात घट्ट, डोळे वर, हातपाय ताठ. मग दवाखाना, तपासण्या, आणि सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. तेव्हापासून पुन्हा काही झालं नव्हतं. हा गुण गोळ्यांचा नव्हे, हे दोन बोटांनी कसं कळलं या माणसाला?

बेकरीवालीनं भिंगरीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई पहिल्यांदाच तिच्यावर ओरडल्या. "अहो, एकदम बंद करायच्या नसतात त्या! झटक्यामागून झटके सुरू झाले तर जिवावर बेतेल. नेहमीची एक गोळी आत्ता द्या. दुप्पट देऊ नका. आणि पाच मिनिटांहून जास्त झटका राहिला तर थेट रुग्णवाहिका बोलवा."

सुनेनं धावत जाऊन औषधाच्या दुकानातून नवं पाकीट आणलं. पण भिंगरीनं ओठ आवळून घेतले.

"मला नकोत. मी बरी झाले."

"शहाणी ना माझी ती?"

"आजी, माझा हात पाहिलास ना तू? आणि तुझा पण राहिला की!"

बेकरीवालीनं गोळी मऊ पावात दडवून दिली. पोरीनं चावली, थुंकली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आजी, तू पण फसवतेस?"

दुपारी चहाच्या वेळी ते झालं. भिंगरीनं कप ओठाकडे नेला आणि हात मध्येच थांबला. डोळे उघडे, पण त्यात कुणीच नव्हतं. चहा फ्रॉकवर सांडत राहिला. बेकरीवाली मनात मोजत गेली. सात, आठ, नऊ, दहा... मग पोरगी भानावर आली. "काय झालं? माझा फ्रॉक कशानं भिजला?"

सून भिंतीला टेकून रडू लागली. "आता रडून भागायचं नाही," बेकरीवाली म्हणाली. "तिच्याजवळ बस. क्षणभर नजर हलवू नकोस." आणि आत भट्टीकडे गेली, कारण शेवटचा घाणा करपत होता, आणि तिला हाताला काम हवं होतं.

लांब दांड्याच्या लाकडी फळीवर तिनं भट्टीच्या तळातून मोठा पाव उचलला. दांड्याच्या टोकावर तो पाव मणाचा लागतो. मनगटात कळ येते. मग दांडा मागे ओढत आणायचा, आणि पाव हाताजवळ आला की तोच पाव कापसासारखा हलका. चाळीस वर्षं ती हे रोज शंभर वेळा करत होती. पण आज पाव अर्ध्यावर आला आणि ती थबकली.

तिनं फळी खाली ठेवली. उजवा हात सरळ धरला आणि डाव्या हाताची दोन बोटं मनगटावर टेकवून दाबलं. मग कोपराजवळ टेकवून दाबलं. पुन्हा मनगटावर. पुन्हा कोपराजवळ.

"मेल्या!" ती भट्टीलाच म्हणाली.

पण नुसतं सांगून कोण ऐकणार? म्हणतील, म्हातारीला जळफळाट होतोय. बोट कुठे टेकलं होतं याचा काय पुरावा? तिची नजर स्वतःच्या हातांकडे गेली. मग ओट्याकडे, दाराच्या मुठीकडे, सुनेच्या खांद्यावर मघाशी उमटलेल्या पांढऱ्या पंजाकडे. या घरात कुणी कशाला हात लावला हे कधी लपून राहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाला दहा कमी असताना तिनं दुकानाचं शटर खाली ओढलं. धंद्याच्या दिवशी शटर खाली आलेलं पाहून शेजारचा न्हावी हातातली कात्री तशीच घेऊन बाहेर आला. तिच्या डोक्यावर गरम पावांची टोपली होती, आणि पावांवर पिठाची जाड पखरण. भिंगरीनं रात्री आणि सकाळीही गोळी घेतली नव्हती; तिला आजीनं बळेबळे गडद निळा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला होता.

"आई, किती ऊन आहे!" सून म्हणाली.

"घाल म्हटलं ना!"

थोरला दगडाजवळ उभा होता. हातात गोळ्यांची पाकिटं, पायाशी छोटं खोरं. आईला पाहून त्याचा चेहरा फुलला. "आई, तू आलीस!"

"आले तर. गुरुजी, काल मी वेडंवाकडं बोलले. हा घ्या पाव. स्वतःच्या हातानं मोडा."

कंपनबुवाची छाती फुगली. त्यानं दोन्ही हातांनी पाव मोडला, अर्धा खाल्ला, उरलेला कुणाच्या तरी हातात दिला. "पाहा मंडळी! दगडानं या माऊलीचंही मन जिंकलं. ये बाळ, शेवटची परीक्षा."

भिंगरीनं हात धरला. दोन बोटं टेकली. हात खाली. मग तळवा दगडावर, दीर्घ श्वास, पुन्हा दोन बोटं. हात राहिला. टाळ्या पडल्या. थोरला गुडघ्यावर बसला आणि त्यानं खोरं मातीत घातलं.

"थांब!"

बस सुरू करावी तसा आवाज निघाला तिचा. खोरं थांबलं. बेकरीवालीनं नातीचा हात धरून सगळ्यांना दिसेल असा उंच केला. निळ्या बाहीवर चार पांढरे ठसे होते. दोन मनगटावर, दोन कोपराला लागून.

"पहिल्यांदा दाबलं इथे," तिनं मनगट दाखवलं. "आणि दगडाला हात लावल्यावर दाबलं इथे. पोरीत ताकद आली नाही. याचं बोट वीतभर मागे सरकलं. टोकाला दाबलं की हात पडतो, खांद्याजवळ दाबलं की राहतो. आणि पहिल्या वेळी पोर बेसावध असते, दुसऱ्या वेळी दात आवळून उभी असते. झालं तुमचं विज्ञान!"

कंपनबुवानं घसा खाकरला. "माऊली, ऊर्जेचा बिंदू शरीरात सरकत असतो..."

"बिंदू सरकतो की बोट सरकतं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"बरं, पुन्हा करा," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मनगटावरच्या या ठशावरच बोट ठेवा. आणि जोर सारखाच लावा."

"अविश्वासाच्या वातावरणात कंपनं माघार घेतात."

"कंपनं घेऊ देत. तुम्ही का मागे चाललात?"

तो खरोखरच मागे चालला होता. पण बेकरीवालीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ते होतं भिंगरीकडे. पोरगी बाहीवरच्या ठशांकडे टक लावून पाहत होती. डोळ्यांत पुन्हा ते रिकामेपण आलं की काय? आजीनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन...

"बाबा," भिंगरी म्हणाली, "तुम्ही हात धरा."

आजीनं मोजणं सोडलं. "दगडाजवळ नको गं. बसच्या टायरला हात लावू दे त्याला."

लोक हसले, पण बसपर्यंत मागोमाग आले. थोरल्यानं एक तळवा टायरवर ठेवला आणि दुसरा हात सरळ धरला. भिंगरीनं मनगटावर दोन्ही हातांनी भार दिला. थोरला दात खाऊन उभा होता, तरी हात खाली आला. मग तिनं कोपराजवळ दाबलं. उड्या मारल्या, लोंबकळली, पाय जमिनीवरून उचलले. हात हलला नाही.

"टायरात पण कंपनं आहेत!" न्हावी कात्री उंचावून ओरडला. मग जो तो शेजाऱ्याचा हात धरून दाबू लागला. कंपनबुवानं गडबडीनं बोटं सदऱ्याला पुसली. काळ्या सदऱ्यावर पांढरे पट्टे उठले. ते तसेच मिरवत तो आपल्या गाडीकडे पळाला.

भिंगरीनं तळवा पुढे केला. "आजी, गोळी."

सुनेनं पाकिटातून गोळी काढली. भिंगरीनं गोळी जिभेवर ठेवली, दोन घोट पाणी प्यायली आणि तोंड उघडून दाखवलं. मग बेकरीवाली बसच्या पायरीवर बसली.

थोरला तिच्यासमोर उकिडवा बसला. खोऱ्याची माती अजून त्याच्या बोटांना होती. "आई, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं गं. तिला कायमचं बरं वाटावं, एवढंच..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "बाप आहेस. म्हणून तर तुला फसवणं सोपं गेलं. मीसुद्धा चार तास फसले. पण मी माझ्या हाताला पुन्हा विचारलं, आणि तू लेकीचं औषध पुरायला खोरं घेऊन आलास. त्या दगडाला मी दोष देत नाही. ज्यांनी तो उभा केला त्यांनी लांब दांडे घातले असतील, दोर ओढले असतील, डोकं चालवलं असेल. तीन हजार वर्षांपूर्वी चालवलं! आणि तू? रोज सातही थांब्यांवरून फिरतोस आणि डोकं गाडीत ठेवून उतरतोस. आता ऐक. उद्यापासून बस लावलीस की आधी आत यायचं. भिंगरीनं गोळी घेतलेली बघायची, मग कुठल्याही दगडाकडे जायचं. गोळी कधी बंद करायची ते डॉक्टरीणबाई सांगतील, दुसरं कुणी नाही. आणि पुन्हा कुणी तुला असलं काही दाखवलं ना, तर हात जोडू नकोस. त्याला म्हणायचं, 'अजून एकदा कर, आणि या वेळी मी सांगतो तिथे बोट ठेव.'"