वहिनीले खिसा कुठं हाये

दुकान

चाकू दाखव, असं शालूबाई म्हणाली आणि दुकानदारानं तो काचेच्या कपाटातून काढून, पातं उघडून उकंडरावांच्या हातात दिला.

मागणारी एक, हात दुसऱ्याचा. उकंडरावांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नवराबायको उंद्रीहून बुलढाण्याला फवारणीच्या पंपाचं नोझल न्यायला आले होते, चाकू त्यांच्या ध्यानीमनी नव्हता. तरी त्यांनी नखावर धार पाहिली, मान हलवली. मिटायला गेले तर पातं मिटेना.

"मुठीवरचं ते कडं फिरवा काका," दुकानदार अविनाश म्हणाला. "कडं फिरवल्याशिवाय पातं उघडत नाही न मिटत नाही. बाहेरच्या देशातला माल आहे. कलमं बांधणारे नेतात."

मग त्यानं किंमत सांगितली. उकंडरावांनी तापलेला तवा टेकवावा तसा चाकू काचेवर टेकवला.

"इतक्या पैशात बकरीचं पिल्लू येते."

"पिल्लू सुतळी खाईन. कापनार नाही," शालूबाई म्हणाली.

बियाण्याच्या पोत्यावर त्यांच्याच गावचा रंगराव बसला होता. त्याला आयतंच सापडलं. "उकंडराव, वहिनीले खिसा कुठं हाये बावा? खिशातला चाकू म्हनते याले."

हसले. सगळे हसले. अविनाशही हसला आणि हसता हसता त्यानं चाकू कपाटात ठेवून…

दात

टमाट्याचा वेल तारेला सुतळीनं बांधतात. वेल वाढला की जुनी गाठ कापायची, वर नवी बांधायची. विळ्यानं कापायला जावं तर सुतळीबरोबर वेलही जातो. छोटं पातं लागतं. घरात छोटं पातं एकच, ते उकंडरावांच्या बंडीच्या खिशात. आणि बंडी जिथं उकंडराव तिथं. म्हणजे बहुतेक वेळ फाट्यावरच्या चहाच्या टपरीत.

"काय कापाचं ते ठेव वं," जाताना ते सांगून जात. "आलो का कापून देतो."

वेल वाट पाहत नाही. शालूबाईनं दात लावले. सुतळीला लावले, नायलॉनच्या दोरीला लावले, खताच्या पोत्याच्या शिलाईला लावले. एक दिवस समोरच्या दाताचा कोपरा नायलॉनबरोबर गेला. हसताना तोंडावर पदर धर, असं तिला बायांनी सुचवलं. तिनं धरला नाही.

दुकान, तेच

…कुलूप लावलं. काचेच्या कपाटाला, तेवढ्या एका चाकूसाठी.

कंबर

एकदा तिनं बाजारातून साधा चाकू घेतला होता, गुपचूप. साडीला खिसा नाही, म्हणून कंबरेला खोचला. सांभार, म्हणजे कोथिंबीर, उपटायला वाकली आणि चाकू आपोआप उघडला. जखम काही मोठी नव्हती. पण गोष्ट मोठी झाली. "बाईच्या आंगाले चाकू सोसत नाही," असं उकंडरावांनी जाहीर केलं आणि तो चाकू विहिरीत टाकला. चाकू वाईट होता, असं कुणी म्हटलं नाही.

वावर

आता रानातल्या बायांची एक रीत आहे. साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालायचा. ऊन लागत नाही, खाज सुटत नाही. मात्र वावराच्या कडेचा धुरा ओलांडला की शर्ट निघाला पाहिजे. घडी करून टोपल्यात. शर्ट घालून गावात शिरलेली बाई अजून कुणी पाहिलेली नाही.

बुलढाण्याहून आल्यानंतर जो बाजार भरला, त्याचा दुसरा दिवस. शालूबाई उकंडरावांच्या चौकड्याच्या शर्टात वेल बांधत होती. एका हातानं वेल धरला, दुसरा हात छातीवरच्या खिशात घातला आणि सुतळीचा तुकडा काढला. रोजच काढायची. मग थांबली. हाताकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं.

सुतळीला खिसा होता. इतकी वर्षं होता.

तिनं बाजारात सांभार विकलेले पैसे टोपल्यातल्या डब्यातून काढले, त्याच खिशात घातले आणि फाट्याकडे चालू लागली. धुरा आला. ओलांडला. वरच्या बटणाकडे हात गेला होता, नाही असं नाही. पण शर्ट काढला असता तर रंगरावाचा प्रश्न त्या पोत्यावर तसाच बसून राहिला असता.

गाडी

"शालूबाई," शेजारच्या सीटवरून गावातलीच अन्नपूर्णाबाई कुजबुजली, "शर्ट काढाचा राह्यला वं."

"राह्यला नाही. घातला हाये."

कंडक्टरनं एकदा शर्टाकडे, एकदा कुंकवाकडे पाहिलं आणि बाईचं अर्धं तिकीट फाडलं. चिखलीला गाडी बदलली. तिथंही लोकांनी पाहिलं. पाहू दे.

दुकान, पुन्हा

"मावशी, काका नाही आले?"

"काकाचं काय काम हाये? चाकू काढ. माह्या हातात दे."

अविनाशनं दिला. तिनं कडं फिरवून पातं उघडलं, कडं पुन्हा फिरवलं, पात्याची पाठ काचेच्या कडेवर दाबली. मिटलं नाही. मिटून कडं फिरवलं, झटकलं, कंबरेला खोचून वाकून पाहिलं. उघडलं नाही. सुतळीचा तुकडा अंगठ्याला गुंडाळून पातं टेकवलं. दाबावंही लागलं नाही. मूठ तिच्या हाताला जरा जाड होती. तिनं तसं सांगितलंही.

"अन् महाग हाये."

"आहेच मावशी. स्वस्तातला दाखवू?"

तिचा हात कंबरेकडे गेला. "स्वस्तातला पाहून झाला."

पैसे दिले.

"कागदात गुंडाळू?"

"कायले?" तिनं चाकू शर्टाच्या खिशात सोडला. खिसा थोडा ओघळला, पण धरला त्यानं.

वावर, संध्याकाळ

उकंडरावांनी बांबूचा बिंडा आणून टाकला. बिंडा नायलॉननं करकचून बांधलेला. त्यांनी बंडीतला आपला चाकू काढला, घासला, पुन्हा घासला. मग त्यांना बायकोचा फुगलेला खिसा दिसला.

"आनलाच म्हन."

"हाव."

"रंगरावाचा फोन आल्ता. शर्टावरच गेलती म्हने. अख्ख्या गाडीनं पाह्यलं."

"मंग सगळ्याईले खिसाबी दिसला अशीन."

उकंडरावांनी नायलॉनची गाठ बोटानं ओढून पाहिली. मग त्यांनी हात पुढं केला. "दे बरं. याले धार नाही राह्यली."

शालूबाईनं वेलाची जुनी गाठ कापली, नवी बांधली, पातं मिटलं, कडं फिरवलं, चाकू खिशात टाकला. वर पाहिलं नाही.

"काय कापाचं ते ठेवा," ती म्हणाली. "ओळ झाली का कापून देईन."

उकंडराव धुऱ्यावर बसले. ओळ लांब होती.